डिस्क कपाटात, यादी कुठे?

अंधेरीतल्या आमच्या वन बीएचकेच्या कपाटात पाच हार्ड डिस्क आहेत. त्यांतल्या एकीवर आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मागच्या वर्षी जागा हवी म्हणून मी एक डिस्क फॉरमॅट केली. ‘ओव्या दुसरीवर आहेत की!’ असं धरून चाललो. नव्हत्या. आजीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

ऑफिसात मी फाइलींचा हिशेब ठेवायचा पगार घेतो. घरी मात्र डिस्कवर मार्करने ‘मिक्स’ लिहून मोकळा. तुमचंही वेगळं नसणार. टेराबाइट विकत घेतला की आठवणी जपल्या गेल्या, असं आपण समजतो. साफ चूक. डिस्क कपाटात बंद असतानाही तिच्यात काय आहे हे सांगता आलं, तर जपलं म्हणायचं.

गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांची गाव, गाणारी, विषय अशी नोंद झाली. म्हणून पुढे ‘पारी’ची मंडळी त्या गावांत परत जाऊन गाणाऱ्या बायांना भेटू शकली. नुसता कॅसेटींचा ढीग असता, तर कुणाचं दार ठोठावलं असतं?

“क्लाउड आहे ना!” गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. म्हणूनच तर डिस्क घेतल्या.

गिट-ॲनेक्स हे कमांड लाइनवरचं फुकट साधन आहे. फाइल डिस्कवर राहते, नोंद लॅपटॉपवर. ‘व्हेअरइज’ विचारलं की डिस्क न जोडता प्रत कुठे आहे ते कळतं. त्यातून फाइल काढायला गेलात आणि दुसरी प्रत सापडली नाही, तर ते नकार देतं. माझं फॉरमॅट त्याने अडवलं नसतं, पण आधी विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं.

हेही जड वाटतंय? मग ‘फाइंड’ची एक ओळ चालवा, फाइलींची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये घ्या आणि ती स्वतःला मेल करा. काळ्या स्क्रीनची भीती हे कारण आता पुरे.

या रविवारी बसा. आईलाही शेजारी बसवा. ‘रेकॉर्डिंग ००७’मध्ये कोण गातंय, हे कुठलीच कमांड सांगणार नाही.