सुटकेचा कागद आणि औषधाचा कागद

जामीन मंजूर झाल्याचं वकील फोनवर सांगतात आणि घरात एकच धांदल उडते. कुणी जामीनदाराच्या मागे धावतो, कुणी देवापुढे दिवा लावतो. संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकाशी दोन-चार नातेवाईक ताटकळत उभे असतात. अखेर मोठ्या दारातलं लहान दार उघडतं आणि माणूस बाहेर येतो. हातात एक पिशवी. तिच्यात आत जाताना जमा केलेलं घड्याळ, पाकीट आणि दोन कपडे. त्याला रिक्षात बसवून सगळे घरी नेतात.

त्या पिशवीत काय नाही, हे त्या घटकेला कुणी पाहत नाही. आत असताना तो रोज गोळ्या घेत असेल, तर त्या गोळ्या पिशवीत नाहीत, त्यांची चिठ्ठी नाही. आणि गोळ्या कशाच्या होत्या, हे पुष्कळदा त्यालाही धड सांगता येत नाही. ‘सकाळी एक पांढरी आणि रात्री दोन लाल’ एवढंच तो सांगतो. त्यात त्याचा तरी काय दोष? आत गोळी हातावर मिळते, ती घ्यायची असते. नाव विचारायची सवय कुणी लावलेली नसते.

तुम्ही म्हणाल, हा विषय आमच्या घरातला नव्हे. पण जरा आकडे पाहा. २०२२ अखेरच्या सरकारी नोंदीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यातले चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. बांधावरची मारामारी, रस्त्यावरचा अपघात, सासरच्यांवर झालेली फिर्याद; तुरुंगाची वाट चांगल्या चालत्या घरापासूनही फार लांब नसते.

आणि खरी अडचण या कच्च्या कैद्यांचीच आहे. शिक्षा झालेला बंदी कधी सुटणार, ते तुरुंगाला आधीपासून ठाऊक असतं. मनात आणलं तर डॉक्टर त्याची चिठ्ठी महिनाभर आधी लिहून ठेवू शकतो. कच्च्या कैद्याची तारीख मात्र कुणालाच माहीत नसते. दुपारी न्यायालयाने आदेश दिला की रात्री तो घरी! जामिनाचे आदेश लवकर पोहोचावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपले आदेश संगणकामार्फत थेट तुरुंगाकडे पाठवण्याची सोय केली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. हे चांगलंच झालं. पण सुटकेचा कागद जितक्या वेगाने येऊ लागला, तितक्या वेगाने औषधाचा कागद येत नाही.

मग काय होतं? क्षयाचं उदाहरण घ्या. कोंदट बराकींमुळे तुरुंगात क्षयाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं, हे जगभर दिसून आलं आहे. साध्या क्षयावरचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि आपण बरे झालो असं वाटू लागतं. नेमका त्याच सुमारास जामीन झाला आणि गोळ्या तुटल्या, तर आजार पुन्हा उसळतो. क्वचित असा उसळतो की नेहमीची औषधं त्याला दाद देत नाहीत. आणि हे घडतं ते दोन खोल्यांच्या घरात, जिथे म्हातारी आई आणि लहान पुतणे शेजारी झोपतात.

नेल्सन मंडेलांनाही तुरुंगात असतानाच, १९८८ साली, क्षय झाला होता. त्यांना रुग्णालयात हलवून नीट उपचार झाले आणि १९९० साली ते बाहेर आले. साऱ्या जगाची नजर होती त्यांच्यावर! २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांना कसं वागवावं याचे जे सुधारलेले नियम केले, त्यांना मंडेलांचंच नाव आहे. सुटल्यावरही उपचार तुटू नयेत आणि बंद्याला आपले वैद्यकीय कागद मागता यावेत, या दोन्ही गोष्टी त्यांत स्पष्ट लिहिल्या आहेत.

सुटकेनंतरच्या पहिल्या दिवसांचा हिशेब अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मांडला गेला. तिथल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजार माणसांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये अहवाल निघाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या मानाने जवळजवळ तेरा पट होता आणि सर्वांत मोठं कारण होतं मादक द्रव्याचा अतिरेक. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. आत असताना नशा सुटते आणि शरीराची सहनशक्ती ओसरते. बाहेर आल्यावर जुन्या मित्रांत बसून जुन्याच मापाने घेतलं, तर तेच माप जीव घेतं. ज्या घरातला मुलगा गर्द किंवा अफूच्या नादाने आत गेला असेल, त्या घराने हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावं. ‘आता सुधारलाय’ असं म्हणून गप्प बसू नये.

सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली अशा लोकांसाठी एक दवाखाना निघाला. तिथे आरोग्यसेवक म्हणून नेमतात ते स्वतः तुरुंगवास भोगून आलेल्यांना. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरण शिक्षा भोगणाऱ्या काही बंद्यांना शिकवून कायद्याचे स्वयंसेवक बनवतंच. त्यांनाच आणखी चार दिवस बसवून औषधांची नावं आणि चिठ्ठी कशी मागायची हे शिकवायला कितीसा खर्च येणार?

ते होईल तेव्हा होईल. तोवर हे काम घरच्यांनाच करावं लागतं, आणि ते सुटकेच्या दिवशी नव्हे, तर भेटीच्या पहिल्या वारी सुरू करायला हवं. भेटीत ‘जेवलास का’ याबरोबर ‘गोळ्या कसल्या चालू आहेत’ हेही विचारा. आजाराचं नाव, औषधांची नावं, कधीपासून चालू आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढं लिहून देण्याचा अर्ज अधीक्षकांच्या नावे करा. टाळाटाळ झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत मदतीचा हक्क आहे, दूरध्वनी १५१००.

क्षय असेल तर ‘निक्षय’चा नोंदणी क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या गावच्या सरकारी केंद्रातही पुढे चालू करता येतात, आणि घरातल्या इतरांची तपासणीही तिथेच करून घ्यावी. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर आपल्या जवळच्या एआरटी केंद्राकडे बदलीचा कागद लागतो. कोठडीतल्या माणसाला या उपचारांचा हक्क २०१७च्या कायद्याने दिला आहे, आणि गुप्तताही त्याच कायद्याने राखायची आहे. तेव्हा ही गोष्ट चार नातेवाइकांत बोलण्याची नव्हे. मनाच्या आजाराच्या गोळ्या तर एकदम बंद करूच नयेत. जवळ डॉक्टर नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

सरकारी दवाखान्यात जायला हे लोक लाजतात, ते ‘आधी कुठे दाखवलं होतं?’ या प्रश्नामुळे. डॉक्टरला आजार आणि औषधं सांगायची. कलम सांगायची गरज नाही. घरात हा विषय बाप आणि भाऊ काढत नाहीत. ‘भावोजी, कागद दाखवा बरं’ असं म्हणण्याचं काम शेवटी वहिनीवरच येतं, आणि तिने ते खुशाल करावं.

बायकांचं दुःख आणखी निराळं. तुरुंगांत त्या शंभरात जेमतेम चार. त्यांना भेटायला येणारेही कमी आणि सुटून आल्यावर स्वतःचं दुखणं सांगायला घरात जागाही कमी. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. तशी सुटका असेल तर बाळाचं लसीकरणाचं कार्डही मागून घ्या, नाहीतर कोणते डोस झाले आणि कोणते राहिले, याचा पत्ता लागत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देतं. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम पाचशेची एक हजार झाली. पैसे बँकेच्या खात्यात येतात. पण दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि आत असलेल्या माणसाचं ते झालेलं असू शकतं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात पासबुक आणि आधार घेऊन त्याला बँकेत न्यावं आणि केवायसी करून खातं पुन्हा सुरू करून घ्यावं.