आवाज चेनचा की गरारीचा?

भिवंडी-मालेगावच्या कापड व्यापारात पूर्वी वसुलीला आणि नमुने दाखवायला माणूस एस.टी.ने जात असे. आता घरातले तरुण लांब पल्ल्याची मोठी मोटारसायकल घेतात, मागे नमुन्यांची गाठोडी बांधतात आणि मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून निघतात. आमची त्याला हरकत नाही. वेळ वाचतो, एका फेरीत चार गावे होतात. हरकत आहे ती गाडीच्या बाबतीतल्या बेफिकिरीला.

आमच्याच पेढीवरचा तजुर्बा सांगतो. पुतण्या मालेगावहून आला तो म्हणाला, गॅस देताना आणि सोडताना खालून खटकन आवाज येतो. चेन ढिली असेल म्हणून त्याने वाटेतच एका गॅरेजात ती आवळून घेतली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा खटखट. पुन्हा आवळली. तिसऱ्या वेळी आम्ही गाडी मोहल्ल्यातल्या एका जुन्या उस्तादांकडे पाठवली. त्यांनी चेनला हातच लावला नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये मधल्या स्टँडवर, आणि पुढचे झाकण उघडले. इंजिनाकडचे लहान स्प्रॉकेट, ज्याला मिस्त्री छोटी गरारी म्हणतात, ते बोटांनी आत-बाहेर हलत होते. शाफ्टच्या दात्यांभोवती तांबूस भुकटी साचली होती. ती धूळ नव्हती, घासून झिजलेले लोखंड होते. गरारी धरणारा मोठा नट अर्धा सुटला होता, कारण मागे चेनकिट बदलताना जुन्याच लॉक वॉशरचा कान सरळ करून तोच पुन्हा बसवला होता. तो कान तुटून पडला.

नवा वॉशर चहापाण्याच्या खर्चात येतो. तो वाचवला, आणि नट घाटात पूर्ण निघाला असता तर चेन उतरून अडकली असती, मागचे चाक जाम झाले असते. मागून ट्रेलर येत असताना काय झाले असते, हे लिहवत नाही. अल्लाहने वाचवले.

आपल्या मागावर चाकाची चावी ढिली झाली तर जॉबर आवाजावरून ओळखतो आणि माग बंद करतो. पट्टा आवळून कोणी ते झाकत नाही. मग गाडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते?

चेन आवळण्यात आणखी एक धोका आहे. गाठोड्यांच्या वजनाने मागचे चाक वर दबते आणि दोन गराऱ्यांमधले अंतर वाढते. रिकाम्या गाडीवर कसून आवळलेली चेन ओझे चढताच तारेसारखी ताणते आणि प्रत्येक खड्ड्यात शाफ्ट व बेअरिंग ओढते. चेनला साधारण 25 ते 30 मिलिमीटर खेळ लागतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा मानावा, आणि ओझे बांधून एकदा पुन्हा बघावे. पुढची गरारी घट्ट असूनही झटके येत असतील तर मागच्या चाकातले रबर बघावेत. तेही झिजतात.

उस्तादांनी गाडी गिअरमध्ये टाकली, मागचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि मापाच्या पान्याने नट कसला. छिन्नी-हातोडा नाही. नवा वॉशर, त्याचा कान नीट वळवलेला, आणि नट व शाफ्टवर रंगाची एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजायचे. शाफ्टचे दाते थोडक्यात वाचले होते. ते खाल्ले गेले असते तर गिअरबॉक्स उघडून शाफ्टच बदलावा लागला असता. काही ठिकाणी अशा वेळी गरारी शाफ्टला वेल्डिंग करून देतात. उष्णतेने सील आणि बेअरिंग जातात, आणि पुढच्या वेळी गरारी कापूनच काढावी लागते. असे काम आम्ही फुकटातही घेणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला लाज वाटते. पुतण्याने उस्तादांच्या मेहनतान्यात घासाघीस केली. आपण ताग्यात एक धागा तुटलेला दिसला तर भाव पाडतो, मग ज्याने बिनधाग्याचे काम दिले त्याचा भाव कशासाठी पाडायचा? आम्ही उरलेले पैसे त्याच्याच हाताने पाठवले.

आता शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा, जुम्याच्या नमाजनंतर, गाडी स्टँडवर चढते, झाकण उघडते आणि पुतण्या स्वतः ती रंगाची रेघ बघतो.