गॅस सोबत येतो, वायफाय का नाही?

जून-जुलै म्हणजे आपल्याकडे अ‍ॅडमिशनचा सीझन, आणि घरं बदलण्याचाही. सावनेरची पोरं-पोरी नागपुरात रूम शोधतात. वेकोलित बदली झालेली कुटुंबं क्वार्टर सोडतात. कोणी जुन्या वस्तीतलं किरायाचं घर सोडून गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये राहायला जातं. टेम्पोत पलंग चढतो, कूलर चढतो, पुस्तकांची खोकी चढतात. राउटरसुद्धा पिशवीत येतो. येत नाही ते फक्त नेट.

‘शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाका’ असं कस्टमर केअरवाले सांगतात. मग फोन येतो, ‘तिथं फिजिबिलिटी नाही.’ किंवा फोनच येत नाही. सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यांचं काय, ते कोणी सांगत नाही.

‘हॉटस्पॉटवर भागव ना थोडे दिवस!’ हा घरोघरी मिळणारा सल्ला. पण याच दिवसांत सीईटी सेलच्या कॅप राउंड असतात, महाडीबीटीवर स्कॉलरशिपचे अर्ज असतात, विद्यापीठाचे फॉर्म असतात. रोजचा दीड जीबी डेटा एक-दोन लेक्चर आणि चार पीडीएफमध्ये संपतो. आणि फॉर्मची शेवटची तारीख तुमच्या लाइनमनची वाट पाहत नाही.

आता बाकीच्या गोष्टी बघा. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ३ जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. गॅस कनेक्शनचंही तसंच. गाव बदललं की जुन्या एजन्सीत सिलिंडर जमा करायचा, व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावच्या एजन्सीत दाखवायचं. बँक खात्याची शाखा बदलता येते. रेशन दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. मग ज्याच्यावर आपलं अर्धं कॉलेज चालतं, ते ब्रॉडबँडच असं पत्त्याला चिकटून का बसलंय?

याचं एक कारण खरंच तांत्रिक आहे, ते मान्य करू. मोबाइलचं नेटवर्क हवेतून येतं, फायबर खांबावरून किंवा जमिनीखालून. एक्स्चेंजमधून आलेली एक तार गल्लीतल्या स्प्लिटरमध्ये ८, १६ किंवा ३२ घरांत वाटली जाते. नव्या घराजवळ असा बॉक्स नसेल किंवा त्यातले सगळे पोर्ट भरले असतील, तर कनेक्शन लगेच मिळणार नाही. शेतं मोडून झालेल्या नव्या ले-आउटमध्ये रस्ता आणि नालीच उशिरा पोचते, फायबर तर त्याहून उशिरा. शिवाय छोट्या गावांत कंपनीचं काम बहुतेक वेळा स्थानिक केबलवाल्याच्या हातात असतं. त्याची हद्द संपली की तुमचा अर्ज दुसऱ्याच्या दारात.

पण वायर नाही, हे उत्तर द्यायला महिना का लागावा? आणि न दिलेल्या सेवेचे पैसे कंपनीकडे का राहावेत? याला कोणतंही तांत्रिक कारण नाही. गंमत म्हणजे, २००५ मध्ये ट्रायने लँडलाइनसाठी सेवेच्या दर्जाचे नियम केले, तेव्हा फोन नव्या पत्त्यावर हलवण्यासाठी तीन दिवसांचं मानक ठरवलं होतं. डबा फोनच्या काळात जे सुचलं, ते फायबरच्या काळात सुचू नये?

म्हणून मागणी साधी आहे. शिफ्टिंगच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं. मधल्या बंद दिवसांचं बिल लागू नये. आणि सेवा देता येत नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे न मागता परत मिळावेत. ही काही चैन नाही. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये हॉस्टेलमधल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे.

नियम येईल तेव्हा येईल, तोवर आपण शहाणं व्हायला हवं. रूम पाहायला जाल तेव्हा पाण्याबरोबर नेटचंही विचारा. शेजारी कोणाची वायर आहे, ते बघा. अकरा महिन्यांचा करार असेल तर स्वस्त पडतो म्हणून वर्षाचा प्लॅन घेऊ नका. कनेक्शन शक्यतो घरमालकाच्या नाही, आपल्या किंवा आई-बाबांच्या नावावर घ्या. शिफ्टिंगचा अर्ज सामान हलवायच्या निदान दोन आठवडे आधी टाका, तोही फोनवर बोलून नाही, अ‍ॅप किंवा ईमेलवर. बंद करायचं असेल तर राउटर परत दिल्याची पावती घ्याच.

तरीही दाद लागली नाही तर? तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत अपील अधिकारी असतो. त्याच्याकडे अपील करायला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथं फीसुद्धा लागत नाही.

पाच-सातशे रुपयांसाठी कोण एवढं करतं, असं आपण म्हणतो. कंपन्यांनाही नेमकं हेच माहीत आहे. या सीझनला घर बदलणाऱ्या प्रत्येकानं एक तरी लेखी तक्रार टाकली, तर ‘फिजिबिलिटी नाही’ एवढं बोलून फोन ठेवणं त्यांना इतकं सोपं जाणार नाही.