'टॅकी' म्हणजे वेग. आजाराचं नाव नव्हे

ईसीजी काढला की मशीन कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आपणहून काहीतरी इंग्रजी छापते. त्यात 'सायनस टॅकीकार्डिया' दिसलं की घरात घबराट. कुणी मोबाईलवर शोधतं, कुणी पुण्याच्या पाहुण्याला फोटो पाठवतं, आणि पेशंट माझ्यासमोर बसायच्या आत म्हणतो, "डॉक्टर, हार्टचा आजार निघाला."

आधी शब्द सोडवू. ग्रीक भाषेत 'टाखिस' म्हणजे वेगवान आणि 'कार्डिया' म्हणजे हृदय. 'सायनस' म्हणजे ठोका हृदयातल्या नेहमीच्याच जागेतून निघतोय. कागद एवढंच सांगतो की ठोके मिनिटाला 100 च्या वर आहेत. ट्रॅक्टरवरच्या आरपीएमच्या काट्याला टॅकोमीटर म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊबंद. काटा वर गेला म्हणजे इंजिन बिघडलं असं कुणी म्हणत नाही. मागे उसाची ट्रॉली आहे का, चढ आहे का, हे आधी बघतात.

शरीरातही ट्रॉली शोधायची असते. ताप, जुलाब-उलट्या, उन्हात दिवसभर ऊस तोडून पाणी कमी पडणं, बायकांमध्ये रक्त कमी असणं, थायरॉईड वाढणं, तंबाखू, आणि चक्क ईसीजीची भीती. तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला 120-140 असतात, ते नॉर्मलच. मात्र 'टॅकीकार्डिया'च्या अलीकडचा शब्द नीट वाचा. 'सायनस'ऐवजी 'व्हेंट्रिक्युलर' असेल तर ते जिवावरचं असू शकतं, तिथे वेळ घालवू नका. तसंच बसल्या जागी एकदम धडधड सुरू होऊन चक्कर येणं, छातीत दुखणं, दम लागणं.

माझा खरा आक्षेप पुढच्या गोष्टीवर आहे. "ठोके कमी करायची गोळी द्या" असा आग्रह होतो, किंवा शेजाऱ्याची बीपीची गोळी परस्पर घेतली जाते. अंगातलं पाणी किंवा रक्त कमी असताना हृदय जोरात पळतं ते तुम्हाला सांभाळण्यासाठी. त्याला गोळीने दाबलं तर बीपी कोसळू शकतं. दमेकऱ्याला यातल्या काही गोळ्यांनी दम्याचा झटका येतो. म्हणून "ठोके वाढलेत" एवढ्यावर डॉक्टरांना सोडू नका. "कशामुळे?" हे विचारा. आम्ही डॉक्टर मंडळी ग्रीक शब्द उच्चारून उत्तर दिल्यासारखा चेहरा करतो, ती सवय मोडायला तुमचा हा प्रश्नच उपयोगी.

दुसरा शब्द 'टॅकिप्निया', म्हणजे श्वासाचा वाढलेला वेग. लहान मुलांत हा वेग फार मोलाचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे करून दाखवलं. गावातल्या, फारशी मोजणी न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मणी आणि एक मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधन बनवलं. श्वास मोजायचे, वेग जास्त तर न्यूमोनिया धरून लगेच औषध. या प्रयोगात मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; 1990 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या दायांना 'टॅकिप्निया' शब्द माहीत असायची गरज पडली नाही.

तुम्हीही मोजू शकता. खोकला-ताप असलेलं लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगडं वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास असले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ पीत नसेल, सुस्तावलं असेल, तर रात्र असली तरी निघा. कारखान्याच्या फडावर, कोपीवर राहणाऱ्या आयांना हे आकडे कुणीतरी सांगायला हवेत. तिथे दवाखाना लांब, पण मोबाईलमध्ये घड्याळ प्रत्येकीकडे आहे.

तिसरा शब्द तुम्ही 'कळांचं इंजेक्शन' म्हणून ओळखता. ऑक्सिटोसिन. नावाचा अर्थच 'शीघ्र प्रसूती'. हे संप्रेरक शरीर स्वतःही बनवतं; प्रयोगशाळेत ते बनवणारे विन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नावात शीघ्र आहे म्हणून नातेवाईकांनी घाई करायची नसते. "किती वेळ झाला, एक इंजेक्शन द्या ना, सुटका होईल" हे वाक्य मी तीसेक वर्षं ऐकतोय. कळा गरजेपेक्षा जोरात आल्या तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो, आणि आधी सिझेरियन झालेल्या बाईची पिशवी फाटू शकते. ते सलाईनमधून, मोजून, बाळाचे ठोके ऐकत आणि ऑपरेशनची सोय हाताशी असतानाच द्यायचं औषध आहे. घरी कुणी सुई टोचायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. बाळ बाहेर आल्यानंतर मात्र हेच इंजेक्शन आईला लगेच दिलं जातं. तेव्हा पिशवी घट्ट आवळते आणि रक्तस्राव थांबतो, म्हणून त्या वेळी "आता कशाला आणखी सुई?" म्हणून नर्सबाईंना अडवू नका.