दोन ग्लास शेजारी शेजारी

आमच्या पेशात पिण्याची भाषा ठरलेली आहे. स्मॉल, लार्ज, आणि यजमान फारच उत्साही असेल तर पतियाळा. तिन्ही शब्द मापाचे, चवीचा एकही नाही. एनडीएतून बाहेर पडून वीसहून जास्त वर्षं झाली, मेसच्या बारमध्ये किती संध्याकाळी गेल्या त्याची मोजदाद नाही, पण ‘काल काय प्यायलास?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आकड्यातच ऐकलंय. आणि वाइन मागणाऱ्याकडे अजूनही ‘बरं नाही का तुला?’ अशा नजरेने पाहिलं जातं.

सध्या पोस्टिंग तंजावरला आहे. हवाई दलाच्या तळावर आर्मीचा माणूस म्हणजे लग्नातला तो पाहुणा, जो ना मुलाकडचा ना मुलीकडचा. जेवायला मात्र सगळे आग्रहाने बसवतात. इथे दर शनिवारी आम्ही दहा-बारा जण बारमध्ये तीन बाटल्या उघडतो. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा ग्लास होतात, म्हणजे हिशेब बरोबर बसतो. बाटल्या ‘दिनतंदी’च्या पानांत गुंडाळलेल्या असतात. लेबल दिसत नाही, किंमत दिसत नाही. जे आहे ते ग्लासात.

लेबल झाकण्याचं महत्त्व वाइनच्या जगाला १९७६ साली चांगलंच कळलं. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. लाल आणि पांढऱ्या, दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. आमच्याकडे इतकं नाट्य होत नाही, पण ‘इम्पोर्टेड आहे, कळतंच’ असं म्हणणारा महाभाग अकलूजच्या सांजोव्हेझेला इटलीची समजून बसतो, तेव्हा त्या शनिवारचं सार्थक होतं. (द्राक्षाची जात इटलीचीच आहे. म्हणजे अर्धे मार्क द्यायला हवेत.)

माझं म्हणणं एवढंच आहे की वाइन एकेकटी पिऊन कळत नाही. एकच ग्लास हातात असेल तर माणूस फार तर ‘बरी आहे’ किंवा ‘आंबट आहे’ म्हणतो. शेजारी दुसरा ग्लास ठेवा, लगेच बोलायला लागतो. एका शनिवारी तीन ग्लास ठेवले. तिन्ही शेनिन ब्लाँ, तिन्ही महाराष्ट्रातल्या. एक पूर्ण ड्राय, एक किंचित गोड, आणि एक लेट हार्वेस्ट, म्हणजे द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देऊन केलेली, मधासारखी. जात तीच. फरक कशाचा, तर काढणी कधी केली आणि साखर किती उरू दिली याचा. सोबत चेट्टिनाड मसाल्याचा खेकडा होता. तिखटावर ड्राय वाइन फिकी पडली आणि ती किंचित गोड बाटली आधी संपली. दुसऱ्या आठवड्यात त्याच खेकड्यासोबत जाड लाल वाइन ठेवली, तर जिभेची आग दुप्पट झाली. टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाला वर खेचतात, गोडी त्याला खाली बसवते. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य इथे जिभेवर सिद्ध झालं.

चवीचे शब्दही उसने घ्यायची गरज नाही. परदेशी पुस्तकं गूसबेरी आणि ब्लॅककरंट लिहितात. मी आयुष्यात गूसबेरी पाहिलेली नाही. सोव्हिन्यों ब्लाँचा वास मला चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा येतो आणि त्याचं कारण खरंच आहे, दोन्हींत पायराझिन गटातली द्रव्यं असतात. शिराझचा ग्लास नाकाशी नेऊन मदुराईचा एक फ्लाइट लेफ्टनंट म्हणाला, ‘सर, हे तर मिळगु रसम!’ सगळे हसले. पण शिराझमधल्या मिरीच्या वासाचं द्रव्य ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली ओळखलं, त्याचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिरीत तेच असतं. पोराचं नाक बरोबर होतं. रसमावर वाढलेल्या माणसाला शिराझ शिकवायला फ्रान्सहून कोणी यायला नको.

आणि तापमान! ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याची रूम युरोपात होती, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात तंजावरची खोली रात्रीही ३० अंशांच्या आसपास असते. कपाटातली वाइन सरळ ग्लासात ओतली की फक्त अल्कोहोल नाकात घुसतं. आम्ही एकाच शिराझच्या दोन बाटल्या घेतल्या, एक कपाटातून आणि एक अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून. बहुतेकांनी त्या दोन वेगळ्या वाइन ठरवल्या. आपल्याकडे ‘मला रेड आवडत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी फक्त गरम रेड प्यायली आहे, असा माझा संशय आहे.

आता कोणी म्हणेल, अखेर दारूच ना? हो. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं एका बाजूने म्हटलं गेलं. मला ते पटलेलं नाही. १३ टक्के अल्कोहोल असलेली वस्तू दारूच आहे. पण हिशेब करा. तीन ग्लास मिळून १८० मिली, म्हणजे साधारण २३ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका लार्जमध्ये साडेपंचवीस. आमचा अख्खा शनिवार एका लार्जच्या आत संपतो, तोही दोन तास बोलत. चांगले अधिकारी, चांगले जवान मापाच्या भाषेतच पीत पीत वाया गेलेले मी पाहिलेत. त्यांना कोणी कधी चव विचारली नव्हती.

त्या निर्णयाला विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि प्रकरण थंडावलं. वाद सगळा वाइन कुठे विकायची याचा होता. ती कुठे चाखायची, हे कोणी विचारलं नाही. तमिळनाडूत तर २००३ पासून किरकोळ विक्री टास्मॅक या सरकारी महामंडळाकडे आहे. जाळीतून पैसे आत, बाटली बाहेर. तिथे ‘कशी आहे?’ विचारून बघा. गंमत म्हणजे हेच गाव कॉफीच्या बाबतीत किती चोखंदळ आहे! डिकॉक्शन पहिलं की दुसरं, चिकोरी किती, दूध पाणी घातलेलं आहे का, हे इथला रिक्षावाला एका घोटात सांगतो आणि पटलं नाही तर दुकान बदलतो. त्यामुळे कॉफीवाल्यालाही नीट राहावं लागतं.

वाइनला असं गिऱ्हाईक नाही, याची किंमत कोण मोजतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या चुलतभावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. २००५ च्या सुमारास त्याने दीड एकर शिराझ लावली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सगळं वेळेवर. मंदीच्या काळात एका वाइनरीने माल उचललाच नाही. त्याने वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. गेल्या वर्षी बृहदीश्वराच्या दर्शनाला वहिनींना घेऊन आला, तेव्हा मी त्याला शिराझचे दोन ग्लास दिले, एक लाकडी पिंपातली आणि एक स्टीलच्या टाकीतली. इतकी वर्षं शिराझ पिकवून त्याने ती कधी चाखली नव्हती. बराच वेळ दोन्हींचा वास घेत बसला. मग म्हणाला, ‘दादा, आमच्याकडे फक्त ब्रिक्स विचारायचे. साखर किती, टन किती. याचं असं होतं हे कोणी सांगितलंच नाही.’

नाशिकच्या वाइनरींत टेस्टिंग रूम आहेत, पण त्या मुंबई-पुण्याच्या पर्यटकांसाठी. माझी सूचना साधी आहे. काढणीनंतर वर्षातून चार शनिवार तिथे बागायतदारांना बोलवा, त्यांच्याच द्राक्षाच्या दोन-तीन तऱ्हा शेजारी शेजारी ठेवा, ६० मिलीच्या वर ओतू नका. आणि मेसमध्ये बार सांभाळणाऱ्यांनी रेडची बाटली संध्याकाळी सहालाच फ्रिजमध्ये ठेवावी. पंखा फुल करून ती थंड होत नाही.