लाज नको, तक्रार नोंदवा

पुसेगावात आमच्या शेजारच्या खालांनी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. इकामा संपला म्हणून मुलगा सौदीत पकडला गेला होता. लोक काय म्हणतील, ही भीती. पण इकाम्याचं नूतनीकरण ही तिथे मालकाची जबाबदारी असते; मग लाज आपल्याला कशाची?

तरहील, म्हणजे परत पाठवण्याआधीची कोठडी. तिथूनही आपल्या दूतावासाला कळवा, असं सांगण्याचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ देतं. इकडे घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. मी नोंदवायला बसलो, तर पासपोर्ट क्रमांक घरात कुठेच नव्हता. शेवटी तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या फोटोत सापडला.

मित्रांनो, परदेशातल्या भावाकडून पासपोर्ट आणि इकाम्याची प्रत आजच मागवून ठेवा.