ग्रंथ मोफत, वाट मात्र बंद

नगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना 1838 सालची. 1942 च्या लढ्यात याच शहराच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी ‘भारताचा शोध’ लिहिला. आचार्य नरेंद्र देव तेथेच त्यांचे सहबंदी होते. 2024 साली अहिल्यानगर असे नाव मिळालेल्या या जिल्ह्याला ग्रंथांची परंपरा नवी नाही. त्या परंपरेचे धन आज कोणाच्या हाती पडते, हा खरा प्रश्न आहे.

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज इंटरनेटवर मोफत आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तशीच मिळतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 साली देशाला अर्पण झाले. हे सारे जनतेच्या पैशातून उभे राहिलेले सार्वजनिक धन आहे. छापील प्रत एकाच्या हाती असली की दुसऱ्याला थांबावे लागते. डिजिटल प्रत हजारांनी वाचली तरी झिजत नाही आणि आणखी एका वाचकाचा खर्चही जवळजवळ शून्य असतो. तेव्हा खर्चाचा खरा भाग उरतो तो वाचकापर्यंत पोहोचण्याचा. शासनाने कोठार भरले. कोठाराची वाट मात्र ज्याची त्याने आपल्या मोबाईलवर शोधावी, असे ठरवून टाकले.

परिणाम उघड आहे. शहरातील सुखवस्तू घरातला विद्यार्थी हे धन सहज वापरतो. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात मोबाईलला धड रेंज नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते. घरातला एकच मोबाईल दिवसभर बापाबरोबर फडात असतो. जे सर्वांसाठी मोफत, ते ज्याच्याजवळ साधन त्याच्यासाठीच मोफत ठरते. समतेच्या नावाने निर्माण झालेली सोय अशी विषमतेत भर घालते.

यावरचा उपाय गावातच आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे बंधनकारक केले आहे. परंतु शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत, तर ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. दोन विभागांच्या भिंतीमुळे एकाच गल्लीतील शाळा आणि वाचनालय एकमेकांना अनोळखी राहिली आहेत.

ही भिंत लेखी कराराने पाडता येईल. शाळेच्या पटावरील प्रत्येक मूल अनामत रकमेशिवाय वाचनालयाचे सभासद व्हावे. वाचनालयात संगणक व इंटरनेट जोडणी असावी आणि आठवड्यातील एक तासिका तेथे भरावी. विश्वकोशात नोंद कशी शोधावी, मिळालेली माहिती कशी पडताळावी, हे ग्रंथपालाने शिकवावे. सभासदत्व जिल्हाभर चालावे, म्हणजे ऊसतोड मजुराच्या मुलाला कारखान्याजवळच्या वाचनालयातही तोच अधिकार राहील. छापील पुस्तक सहा महिने बरोबर नेता येत नाही. हक्क नेता येतो.

‘आधी पुस्तकांनाच पैसा नाही, संगणक कोठून आणणार?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 1948 च्या मद्रास कायद्याने ग्रंथालय कराची तरतूद केली; महाराष्ट्राच्या कायद्याने ती केली नाही. ग्रंथालये तुटपुंज्या अनुदानावर जगतात आणि त्यांचे कर्मचारी वर्षानुवर्षे वेतनश्रेणी मागत आहेत. ग्रंथपालाला अर्धपोटी ठेवून त्याच्यावर नवे काम लादणे हे शोषणच होय. म्हणून या कामासाठी स्वतंत्र निधी व ग्रंथपालाला रास्त वेतन, ही मागणी कराराबरोबरच झाली पाहिजे. संगणक आला म्हणून पुस्तकखरेदीला कात्री लागता कामा नये, हेही बजावून सांगितले पाहिजे.

शासनाच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. ग्रामसभेचा मंच खुला आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात हा ठराव मांडावा, वाचनालयाच्या कार्यकारिणीला शाळेत न्यावे आणि मुख्याध्यापकांना वाचनालयात आणावे. सार्वजनिक धनावरचा हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावणारी माणसे गावात उभी राहावी लागतात.